कवड्यांच्या माळेवरचा हात

आमच्या ग्रामीण रुग्णालयात सिस्टर अकरा आणि ब्रदर मी एकटा. तुळजापूर तालुक्यात नोकरीची तीस वर्षं काढली, पण माझं खरं नाव किती लोकांना ठाऊक असेल याची शंकाच आहे. म्हातारी माणसं 'बरदर' म्हणायची. एक आजीबाई तर मला 'सिस्टरचा भाऊ' म्हणूनच हाक मारायच्या आणि कुठल्या सिस्टरचा, हेही विचारायच्या. सरकारी कागदावर माझं पद 'अधिपरिचारक' असं होतं. ते मी घरातसुद्धा कुणाला उच्चारायला लावलं नाही.

सुई टोचणं, सलाईन लावणं, जखमा धुणं ही कामं सगळेच करायचे. एक काम मात्र हमखास माझ्या वाट्याला यायचं. दुपारी ओपीडी संपत आली की दारात एखादी जीप थांबायची. दोघांच्या आधारानं एक म्हातारा वाकून उतरायचा, धोतर सावरत, कपाळावर घाम. सिस्टर तिथूनच ओरडायच्या, "ब्रदर, तुमचं गिऱ्हाईक आलंय."

विचारलं, काय होतंय? तर, "पोट दुखतंय." कधीपासून? "काल जेवण जरा जड झालं." बेंबीखाली हात ठेवावा तर मूत्राशय भरल्या घागरीसारखं टणक. लघवी तुंबून वीस तास झालेले असायचे, पण तो शब्द तोंडातून बाहेर येणार नाही. सोबतच्या मुलाला बाहेर काढायचं, पडदा ओढायचा, मग म्हातारा डोळे मिटून म्हणायचा, "व्हत न्हाय ओ, बरदर." मी नळी घालायचो. पिशवी भरत जायची आणि माणसाचा चेहरा सुटत जायचा. तालमीत नाव कमावलेले पैलवान मी त्या टेबलावर हात जोडून रडताना पाहिलेत. मला मिळालेले आशीर्वाद मोजले तर मी शंभर वर्षं जगेन. पण अर्ध्या तासात मिशीला पुन्हा पीळ चढायचा आणि उठता उठता म्हातारा दटावायचा, "गावात कुणाला बोलू नगा."

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं शरीरशास्त्र सांगतो. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी आवळ्याएवढी एक ग्रंथी असते. डॉक्टर तिला प्रोस्टेट म्हणतात. लघवीची नळी तिच्या मधून जाते. वय झालं की ही ग्रंथी वाढते, नळी आवळली जाते, धार बारीक होते, रात्रीतून चार-चारदा उठावं लागतं. बहुतेकांची ही वाढ साधीच असते, औषधानं भागते. काहींच्या ग्रंथीत मात्र कॅन्सर असतो, आणि तो सुरुवातीला काहीच त्रास देत नाही. धार बारीक होणं वेगळं आणि हे वेगळं. हा चोर पावलं न वाजवता घरात येतो. तो हाडात पोचतो तेव्हा कंबर धरते, आणि आमचा माणूस कमरेला बाम चोळतो. एक निवृत्त हेडमास्तर वर्षभर चोळत होते. आधी बाम, मग कुणाचं तरी तेल, मग कुठल्या तरी वैदूचा पट्टा. माझ्याकडे आले ते खाटेवरून. "ब्रदर, मी आयुष्यभर मुलांना सांगितलं, शंका असली तर हात वर करा," ते म्हणाले.

वेळेवर कळायला एक रक्ताची तपासणी असते, पीएसए नावाची. शिवाय डॉक्टर मागच्या वाटेनं बोट घालून ती ग्रंथी चाचपून पाहतात. अर्ध्या मिनिटाचं काम. रक्तातला आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच, असं नाही. साध्या वाढीनं, जंतूंनीही तो वाढतो. म्हणून पुढची तपासणी करायची. पण हे सगळं शहाणपण मी पडद्याआड सांगायचो, आणि पडद्याबाहेर गेलं की ऐकणारा ते तिथंच सोडून जायचा.

जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा आमच्या दवाखान्याचे बोर्ड नव्यानं रंगवायला रंगारी आला होता. तेवढ्यात सोलापूरचे एक डॉक्टर फुकट तपासणीला यायला तयार झाले. मी त्याच रंगाऱ्याकडून मोठ्या हौसेनं फलक रंगवून घेतला, 'पुरुषांच्या आजारांची मोफत तपासणी'. माझ्या अकलेचं दिवाळं असं की तो टांगला कुंपणाच्या भिंतीवर, आणि त्याच भिंतीवर कुण्या भोंदू वैद्याची 'गुप्तरोगावर हमखास इलाज' ही जुनी जाहिरात पुसट दिसत होती. झालं! त्याच दिवशी डोळ्यांचंही शिबिर होतं. तिकडच्या रांगेत माणूस मावत नव्हता. माझ्या टेबलासमोर कुत्रं बसलं होतं. दोघे-तिघे फाटकापर्यंत आले, फलक वाचला, इकडं तिकडं पाहिलं आणि चांगले डोळे तपासायला गेले.

पहिला माणूस आला तो रज्जाकमामू. देवळाच्या रस्त्यावर त्यांचं शिलाईचं दुकान आहे. पंचावन्न उलटलेले, गळ्यात टेप तसाच. खणखणीत आवाजात म्हणाले, "ब्रदर, वो पेशाबवाली तपासणी किधर है? घरवाली बोली, आज नै गये तो खाना नै मिलता." डोळ्यांची सगळी रांग हसली. मामू मागं वळून म्हणाले, "हसा, हसा. तुमच्याबी पायजम्याचं माप हाय माझ्याकडं." मग कुणी हसलं नाही.

दुसरा माणूस मी ओढून आणला. तो सोपान ड्रेसर, माझा लहानपणापासूनचा मित्र, गाववाला. मी माणसांच्या दवाखान्यात, तो गुरांच्या. जखमा बांधणं, लसी टोचणं आणि गोऱ्हे खच्ची करणं ही त्याची कामं. गोऱ्हा शेतकामाला नरम व्हावा म्हणून लोखंडी चिमट्यानं त्याच्या वृषणाच्या नसा दाबतात. पंचक्रोशीतला असा बैल नव्हता ज्याला सोपाननं हात लावला नाही. बैलाची लघवी अडकली तरी लोक त्यालाच बोलवायचे, आणि उशीर झाला असेल तर तो मालकाला असा झाडायचा की बस. "मुकं जनावर हाय ते! त्याचं दुखणं मालकानं वळखायचं असतंय," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्या दिवशी तो माझी फजिती बघायला आला होता. "किती बैल आले रं तुझ्याकडं?" म्हणाला. मी त्याचा दंड धरला. त्याचा बाप लघवी तुंबून, कमरेचं दुखणं काढून गेला होता हे मला ठाऊक होतं, म्हणजे हाच रोग असावा, आणि घरात असा इतिहास असला तर पंचेचाळिशीपासूनच जपायला हवं. सोपान तर साठीला टेकला होता.

आठ दिवसांनी रक्ताचे रिपोर्ट आले. दोघांचेही आकडे वाढलेले. सोपानच्या ग्रंथीत तर डॉक्टरांच्या बोटाला कडक गाठ लागली होती. डॉक्टरांनी दोघांनाही सोलापूरला बोलावलं. सुईनं बारीक तुकडे काढून तपासायचे होते. सोपानला त्यांनी माझ्यासमोर स्वच्छ सांगितलं, "अजून हातातलं आहे. उशीर करू नका." कार्यालयाला पाठवायच्या अहवालात मी दोन नावांपुढं 'संशयित, पुढे पाठवले' असं लिहिलं. माझा रकाना भरला.

रज्जाकमामू तिसऱ्या दिवशी बायकोला घेऊन सोलापूरला गेले. सोपान गेला नाही. म्हणून मी त्याच्या घरी गेलो.

सकाळची वेळ होती. वैनी स्वयंपाकघरात चहा ठेवत होत्या, मुलगी मनीषा आडावर गेली होती. सोपान मला हाताला धरून देव्हाऱ्यापाशी घेऊन गेला. त्याची आई भवानीची आराधीण होती. म्हातारी गेली, पण तिच्या गळ्यातली कवड्यांची माळ देव्हाऱ्यातल्या खुंटीला होती. सोपान हळू आवाजात म्हणाला, "दोन महिन्यावर मनीचं लगीन हाय. येडशीचं स्थळ लई चांगलंय. बापाला कॅन्सर म्हणल्यावर ते मागं सरतील. त्यात तिथला! लोक म्हणतील ड्रेसरनं कुठं तरी तोंड घातलं असंल. मनीच्या आईला बी कळायला नगं. तिच्या पोटात काय ऱ्हात न्हाय."

"अरे, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. आणि तुकडे काढायला दोन दिवस लागतात."

"तुकडा काढला की पसरतंय म्हणं."

"कोण म्हणतं?"

"समदेच म्हणतेत."

मी समजावलं. सुईनं पसरत नाही, हजारदा सांगितलं. त्यानं माझा हात धरला आणि माळेवर ठेवला. वरून स्वतःचा ठेवला. "आईची आण घे. लगीन होस्तवर कुणाला बोलणार न्हाईस. मग तू म्हणशील तिथं येतो." माझ्या बोटांखाली त्या थंड कवड्या होत्या. मी 'बरं' म्हणालो.

रोग्याची गोष्ट बाहेर सांगायची नाही हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असतं. पण मी नियम पाळला असं आज म्हणालो तर ते खोटं होईल. मला आणेची भीती वाटली. आणि दोन महिन्यांत काही बिघडत नाही, असा हिशेबही मी मनात केला. खरं तर दोन महिन्यांत बिघडलंही नसतं.

लग्नाला वीस दिवस उरले आणि नवऱ्या मुलाची आजी गेली. येडशीकर म्हणाले, वर्षश्राद्ध होईपर्यंत मंगलकार्य नको. लग्न वर्षभर पुढं गेलं. त्यासोबत माझी शपथही पुढं गेली. मी सोपानला रस्त्यात गाठलं, शिव्या घातल्या, म्हणालो, "आपलं दोन महिन्याचं ठरलं होतं." तो थंडपणे म्हणाला, "आण लगनाची हाय, म्हैन्याची न्हाय." गुरांच्या बाजारात सौदा करावा तसा तो माझ्याशी बोलत होता, आणि मी ऐकून घेत होतो.

दरम्यान रज्जाकमामूंच्या तुकड्यांत कॅन्सर निघाला. ग्रंथीपुरताच होता. ऑपरेशन झालं. काही महिने लघवी कपड्यात व्हायची, त्याचे हाल त्यांनी दुकानात बसून गिऱ्हाइकांना रंगवून सांगितले. "मेरे को लंगोट सिलने का नया डिझाइन सूझा," म्हणाले. हळूहळू तेही थांबलं. मामू आजही मशीन चालवतात, आणि मला रस्त्यात पाहिलं की दोन्ही हात वर करतात. मी सोपानला त्यांच्या दुकानात नेलं, शर्टाचं माप द्यायच्या निमित्तानं. मामूंनी आपणहून सगळं सांगितलं. सोपान माप देत ताठ उभा राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, "त्याचं जमलं. त्याला काय लेकीचं लगीन न्हवतं."

शेवटी लग्न झालं. सोपान फेटा बांधून हलगीपुढं नाचला. मुलीला गाडीत बसवताना मात्र तो खुर्चीवर बसूनच होता, एक हात कमरेवर. मी तो हात पाहिला. तीस वर्षं मी तेच हात पाहत आलो होतो.

आता सगळ्यात कडू भाग. शपथ लग्नापुरती होती. लग्न झालं, मी मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी वैनींकडे जाऊन सांगायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी गेलो नाही. कारण आता सांगायचं म्हणजे हेही सांगावं लागलं असतं की मला सव्वा वर्षापासून ठाऊक आहे. वैनी माझ्याकडे कशा पाहतील याची मला लाज वाटली. पडद्याआड मी ज्या म्हाताऱ्यांना 'लाजता कसले, जीव मोठा की लाज?' असं सुनवायचो, त्यांच्यापेक्षा मी काडीभरही वेगळा निघालो नाही. सोपान म्हणाला, "लेकीचा पहिला सण होऊ दे, मग जाऊ." मी तेही ऐकलं.

सण झाला. त्यानंतर महिनाभरात सोपान बाजारात एका बैलाचा खूर बघायला खाली बसला आणि त्याला उठता येईना. चौघांनी उचलून माझ्याकडे आणला. मणका पोखरला होता. सोलापूरला त्याच डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि माझ्याकडे पाहिलं. सोपानकडे नाही, माझ्याकडे. "हे तेच पेशंट ना?" म्हणाले. मी मान हलवली.

या रोगाला पुरुषाच्या वृषणात तयार होणारं द्रव्य खतपाणी घालतं. ते बंद केलं की रोगाची उपासमार होते. त्याला दोन वाटा. एक तर ऑपरेशन करून दोन्ही वृषणं काढायची, नाही तर ठरावीक दिवसांनी इंजेक्शन घेत राहायचं. डॉक्टरांनी ऑपरेशनचा शब्द काढला आणि सोपान हसायला लागला. खाटेवर पडल्या पडल्या, पाय हलत नसताना, तो हसत होता. "ब्रदर, हजार गोऱ्हे धरले असतील म्या. एकानं बी हूं म्हणून इचारलं न्हाय मला, का करतो म्हणून. आता माझी पाळी व्हय रं?" मग हसू थांबलं. "न्हाय. म्या असा जाणार न्हाय. खच्ची होऊन न्हाय."

मी म्हणालो, "इंजेक्शनानंही तेच होतं, सोप्या. फक्त कापत नाहीत."

"दिसत न्हाय ना? मग चालतंय."

मी स्वतःच्या हातानं त्याला ती इंजेक्शनं दिली. सुरुवातीला वेदना उतरल्या. वैनी आशेनं माझ्याकडे पाहायच्या. मग औषध रोगाला पुरेना. उन्हाळा लागला तेव्हा सोपान गेला. शेवटच्या आठवड्यात त्याची लघवी तुंबली होती. नळी मीच घातली. पिशवी भरली, त्याचा चेहरा सुटला आणि त्यानं इतर सगळ्यांसारखाच मला आशीर्वाद दिला. तो आशीर्वाद मला नको होता.

तेरावा झाल्यावर मी माझं रक्त दिलं. नोकरीभर दुसऱ्यांच्या दंडाला पट्टा बांधला, स्वतःची तपासणी मात्र कधी केली नव्हती. कुणी विचारलं तर वेळ नाही म्हणायचो. आकडा चांगला आला. तो कागद मी न उघडता बायकोच्या हातात दिला. तिनं वाचला, मग चष्मा काढून म्हणाली, "एवढं सोपं होतं?" पन्नाशी ओलांडलेल्या आणि मासिकाचा हा अंक हातात धरून बसलेल्या पुरुषांना माझं सांगणं एवढंच की दवाखान्यात जाऊन आपल्या डॉक्टरांना हे विचारा, आणि जाण्याआधी घरच्या बाईला सांगून जा. रज्जाकमामू वाचले त्यात निम्मा वाटा त्यांच्या घरवालीचा आहे. उरलेला निम्मा वेळेवर कळण्याचा.

महिना उलटल्यावर वैनींनी मला बोलावून घेतलं. चहा दिला. समोर बसल्या. देव्हाऱ्यात दिवा होता, खुंटीला ती माळ होती.

"भावजी, एक इचारू? तुमाला कदी कळलं?"

तीस वर्षांत मी रोग्यांच्या नातेवाइकांशी किती गोड खोटं बोललो असेन. त्या दिवशी जमलं नाही. मी शिबिरापासून सगळं सांगितलं. माळेचंही सांगितलं. वैनी पदराचं टोक दुमडत होत्या.

"त्या दिवशी म्या चहा घिऊन येत व्हते. तुमी दोघं माळेवर हात ठिवून हुबे दिसला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, हे तंबाखू सोडायची आण घ्यायलेत. तुमीच घ्यायला लावली आसंल. तुमचं बोलणं मोडायला नगं म्हणून म्या मागं सरले. दुसऱ्या दिशी तुळजापूरला जाऊन देवीला नारळ वाढवला. तुमच्या नावानं."

वैनी उठून दिव्याची वात सारून आल्या.

"रातीतनं सा-सा डाव उठायचे. म्या जागीच आसायची. म्हणलं, पुरुषाला कसं इचारावं. त्यांनी लोकांच्या बैलांचं वळखलं, आमाला त्यांचं वळखू आलं न्हाय. पर तुमाला ठावं व्हतं, भावजी."

"आण घेतली होती, वैनी."

"मोडायची." आवाज चढला नव्हता. "देवी काय कोपली आसती? म्या गेले आसते की तिच्या पाया पडायला. नवऱ्यासाठी मोडायला लावली म्हणून सांगितलं आसतं. ती बी बाईच हाय. तिला कळलं आसतं."

चहा गार झाला होता. वैनींनी तो उचलला आणि म्हणाल्या, "थांबा, दुसरा करते." मी थांबलो. उठून जाण्याची हिंमत झाली नाही.